पसंती आणि मत : आवडत्या उमेदवाराच्या पराभवाची मीमांसा (पन्हाळा तालुक्याच्या संदर्भात)

निवडणुकीचा निकाल लागला की महाविद्यालयांच्या प्राध्यापक-कक्षांत एक वाक्य हमखास ऐकू येते : माणूस चांगला होता, पण लोकांनी निवडून दिला नाही. वाक्य साधे आहे, परंतु त्यात एक गृहीत दडलेले आहे. उमेदवाराचा चांगुलपणा पटला की मत मिळालेच पाहिजे, आणि ते मिळाले नाही तर उणीव मतदारात शोधली पाहिजे, असे ते गृहीत होय. मग पैसा, जात, दारू, मटण, अज्ञान असे शब्द ओघाने येतात आणि चर्चा संपते. सुशिक्षित वर्गाला हे स्पष्टीकरण सोयीचे वाटते, कारण त्यात स्वतःचे मत शहाणे ठरते आणि इतरांचे विकलेले. प्रस्तुत लेखात या स्पष्टीकरणाची चिकित्सा केली असून त्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा तालुका आधारास घेतला आहे.

पन्हाळ्याची निवड योगायोगाने झालेली नाही. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत जुना पन्हाळा विधानसभा मतदारसंघ संपुष्टात आला आणि तालुक्याचे दोन भाग झाले. पन्हाळा शहर, कोडोली व कोतोली हा भाग शाहूवाडी विधानसभा मतदारसंघात गेला, म्हणजेच लोकसभेसाठी हातकणंगल्यात. पश्चिमेकडील कळे, बाजारभोगाव हा भाग करवीर विधानसभेत, म्हणजे लोकसभेसाठी कोल्हापुरात गेला. एकाच तालुक्यातील, एकाच बाजाराला जाणारे, एकमेकांशी सोयरीक असणारे मतदार तेव्हापासून दोन वेगळ्या खासदारांसाठी मतदान करतात. अभ्यासकाला प्रयोगशाळेत मांडता येणार नाही अशी ही मांडणी प्रशासनाने आपोआप करून ठेवली आहे.

दोन निवडणुका, उलटसुलट निकाल

२००९ च्या लोकसभा निवडणुकीत या दोन्ही मतदारसंघांत लोकांना मनापासून आवडणारा एकेक उमेदवार उभा होता. कोल्हापुरात राष्ट्रवादी काँग्रेसने संभाजीराजे छत्रपती यांना उमेदवारी दिली. तरुण, मृदुभाषी, आणि ज्या घराण्याविषयी कोल्हापूरकरांच्या मनात आदर आहे असे म्हणणेही अपुरे ठरावे, त्या राजर्षी शाहू छत्रपतींच्या घराण्याचे वारस. पन्हाळ्याचे या गादीशी नाते तर कोल्हापूर शहराहूनही जुने. महाराणी ताराबाईंच्या काळापासून १७८२ पर्यंत करवीर राज्याची राजधानी गडावर होती, ती नंतर खाली शहरात उतरली. संभाजीराजे यांच्या पाठीशी सत्ताधारी आघाडीही उभी होती. त्यांच्यासमोर होते सदाशिवराव मंडलिक : पक्षाने उमेदवारी नाकारलेले, पंचाहत्तरीला आलेले, अपक्ष म्हणून रिंगणात उतरलेले विद्यमान खासदार. मंडलिक यांना ४,२८,०८२ मते मिळाली आणि संभाजीराजे यांना ३,८३,२८२. राजघराण्याचा वारस ४४,८०० मतांनी पराभूत झाला.

त्याच निवडणुकीत शेजारच्या हातकणंगल्यात राजू शेट्टी उभे होते. शिरोळ तालुक्यातील शेतकरी कुटुंबातला हा कार्यकर्ता शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेच्या मुशीत घडला होता, पुढे त्याने स्वतःची स्वाभिमानी शेतकरी संघटना उभारली आणि २००४ मध्ये तो शिरोळचा आमदार झाला. त्यांच्याजवळ साखर कारखाना नव्हता, बँक नव्हती. प्रचाराला पैसे मतदारांनीच द्यावेत, एक मत आणि एक नोट, अशी त्यांची रीत होती आणि लोक त्याप्रमाणे खरोखर देत. राष्ट्रवादीच्या निवेदिता माने यांच्या ३,८५,९६५ मतांविरुद्ध शेट्टी यांना ४,८१,०२५ मते पडली. २०१४ मध्ये, या वेळी भाजप-शिवसेनेच्या महायुतीत राहून, त्यांनी काँग्रेसच्या कल्लाप्पा आवाडे यांना १,७७,८१० मतांनी हरवले. स्वतःची मते ६,४०,४२८ वर नेली.

आता २०२४ पाहावे. कोल्हापुरात काँग्रेसतर्फे त्याच घराण्यातील शाहू छत्रपती, म्हणजे संभाजीराजे यांचे वडील, उभे राहिले. मंडलिक यांचे चिरंजीव संजय मंडलिक शिवसेनेतर्फे विरोधात होते. शाहू छत्रपतींना ७,५४,५२२ मते मिळाली आणि ते १,५४,९६४ मतांनी विजयी झाले. हातकणंगल्यात मात्र शेट्टी तिसऱ्या क्रमांकावर गेले. शिवसेनेचे धैर्यशील माने ५,२०,१९०, शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे सत्यजित पाटील सरूडकर ५,०६,७६४ आणि राजू शेट्टी १,७९,८५०. पहिल्या दोघांतील अंतर १३,४२६ मतांचे. शेट्टींची मते त्या अंतराच्या तेरा पटींहून अधिक. दहा वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या मतांपैकी साडेचार लाखांहून अधिक मते त्यांच्याकडे राहिली नव्हती.

पंधरा वर्षांच्या अंतराने एकाच तालुक्याच्या दोन भागांत निकालांची अशी अदलाबदल झाली. छत्रपती घराण्याविषयीचा आदर २००९ मध्ये कमी आणि २०२४ मध्ये जास्त होता असे कोणी म्हणणार नाही. शेट्टी यांची राहणी, भाषा, उसाच्या दरासाठीची जिद्द या काळात बदलली असेही कोणी म्हणत नाही. आवड जर स्थिर आणि मते अस्थिर असतील, तर मतांचे कारण आवडीत शोधणे तर्काला धरून नाही.

विकलेल्या मताचा सिद्धान्त

पैशाने मते फिरतात हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच की त्यातून प्रस्तुत निकालांचा उलगडा होतो काय. ज्या हातकणंगल्यातील मतदाराने २०२४ मध्ये शेट्टी यांना नाकारले त्यानेच पूर्वी खिशातली नोट काढून त्यांना दिली होती. २००९ मध्ये समोरच्या बाजूला पैसा नव्हता असे समजणे भाबडेपणाचे होईल. मग जो मतदार त्या वेळी स्वतः पदरमोड करत होता तो पुढे विकाऊ झाला, असे मानायचे काय? जातीच्या स्पष्टीकरणाचीही हीच गत. शेट्टी जैन समाजातील आणि मतदारसंघात मराठा समाज बहुसंख्य, हे गणित २०१९ च्या पराभवानंतर पुष्कळ मांडले गेले. परंतु शेट्टी २००९ मध्येही जैनच होते आणि मतदारसंघाची रचनाही तीच होती. जात निवडणुकीत काहीच करत नाही असे येथे सुचवायचे नाही. ती कधी जागी होते आणि कधी झोपलेली राहते हे सांगणारे दुसरे कारण हवे, एवढेच.

तिसरे स्पष्टीकरण अधिक वजनदार आहे. ते असे की शेट्टी यांची विश्वासार्हता त्यांच्याच निर्णयांनी झिजली. २०१४ मध्ये ते महायुतीत होते. २०१७ मध्ये त्यांनी ती सोडली. त्यांचे जुने सहकारी सदाभाऊ खोत राज्यमंत्री झाले होते, ते तिकडेच राहिले आणि संघटना दुभंगली. २०१९ मध्ये शेट्टी काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर गेले, म्हणजे ज्या कारखानदारांविरुद्ध आयुष्यभर लढले त्यांच्याच व्यासपीठावर बसले. त्या निवडणुकीत धैर्यशील माने यांनी त्यांना ९६,०३९ मतांनी हरवले. २०२२ मध्ये त्यांनी महाविकास आघाडीही सोडली, आणि २०२४ मध्ये मशाल चिन्हावर लढण्याची ठाकरे गटाची अट अमान्य करून स्वतंत्रपणे उभे राहिले.

या युक्तिवादात तथ्य आहे, पण तो पुरेसा नाही. आघाड्या बदलल्याने विश्वास उडाला म्हणावे, तर ज्या वर्षी ते कुणाच्याही आघाडीत नव्हते, म्हणजे विश्वासाच्या कसोटीवर सर्वांत स्वच्छ होते, त्याच वर्षी त्यांना सर्वांत कमी मते का पडावीत? शिवाय संघटनेच्या हाकेला लोकांनी ओ देणे थांबवले नव्हते. नोव्हेंबर २०२३ मध्ये, मतदानाच्या अवघे साडेपाच महिने आधी, मागील हंगामातील उसाला जादा रक्कम मिळावी म्हणून शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली पदयात्रा निघाली आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग रोखून धरण्यात आला. कारखान्यांनी प्रतिटन ५० ते १०० रुपये वाढीव देण्याची तयारी दाखवली तेव्हाच आंदोलन थांबले. रस्त्यावर बसणारे शेतकरी होते, त्यांना मिळालेला पैसा खरा होता, आणि तो कोणामुळे मिळाला हेही गावोगाव माहीत होते. तरीही ७ मे २०२४ च्या मतदानात त्या कृतज्ञतेचे मतांत रूपांतर झाले नाही. हा विरोधाभास समजून घेणे हाच खरा प्रश्न आहे.

मताची दोन पथ्ये

मत देणे ही पसंती व्यक्त करण्याची क्रिया आहे, असे पाठ्यपुस्तकांत शिकवले जाते. प्रत्यक्षात ती एक दुर्मीळ वस्तू खर्च करण्याची क्रिया आहे. पाच वर्षांत एकदा, एकच, आणि ती इतरांच्या मतांत मिसळली तरच उपयोगाची. म्हणून मतदार, तो कितीही अल्पशिक्षित असो, दोन पथ्ये सहसा पाळतो. जे मत न देताही मिळणार आहे त्यासाठी तो मत खर्च करत नाही. आणि जेथे इतर येणार नाहीत असे वाटते तेथे तो एकटा जात नाही.

पहिले पथ्य शेट्टी यांच्या बाबतीत अगदी ढळढळीत दिसते. उसाचा दर मिळवून देणारे आंदोलन खासदारकीवर अवलंबून नाही, हे त्यांनी स्वतःच सिद्ध करून दाखवले आहे. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला जाऊन दराची मागणी ऐकायची, महामार्ग रोखायचा, वाढीव हप्ता पदरात पाडून घ्यायचा. या साखळीत लोकसभेच्या मतपत्रिकेचे स्थान कोठे येते? २००९ मध्ये त्याचे उत्तर होते. त्या वर्षापर्यंत उसाचा किमान दर वैधानिक किमान किमतीच्या जुन्या पद्धतीने ठरे, कारखाने पैसे थकवीत, आणि दिल्लीत आपला माणूस नसेल तर आपले कोणी ऐकणार नाही, ही भावना खरी होती. त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्राने रास्त व किफायतशीर दराची, म्हणजे एफआरपीची, पद्धत आणली. ऊस गाळपास गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे देण्याच्या नियमावर संघटनेने सातत्याने बोट ठेवले. लढ्याचे फळ जसजसे कायद्यात उतरत गेले तसतशी लढणाऱ्याला दिल्लीत पाठवण्याची निकड ओसरत गेली. चळवळीच्या यशानेच चळवळीच्या उमेदवाराचे राजकीय मूल्य घटवले, असे म्हणण्यास येथे जागा आहे. शरद जोशींच्या बाबतीतही काही प्रमाणात हेच घडले होते. चाकणच्या कांदा आंदोलनापासून लाखोंच्या सभा जमवणाऱ्या या नेत्याने १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. विधानसभेत त्या पक्षाला मोजक्या जागांपलीकडे जाता आले नाही. शेतकऱ्याला त्यांचे अर्थशास्त्र पटत होते, त्यांच्यासाठी तो तुरुंगातही गेला. मत मात्र त्याने वेगळ्या कामासाठी राखून ठेवले होते.

ते वेगळे काम कोणते, हे पन्हाळ्याच्या शिवारात उभे राहिल्यावर कळते. ऊस वाढला, आता तो तुटला पाहिजे. तोड वेळेवर आली नाही तर वजन घटते, तुरा येतो, पुढचे पीक लांबते. शेतकरी चिटबॉयच्या मागे फिरतो, शेती अधिकाऱ्याला भेटतो, आणि अखेरीस गटाच्या माणसाकडे जातो. टोळी त्याच्या शेतात आज येणार की पंधरा दिवसांनी, सोसायटीचे कर्ज नवे-जुने होणार की नाही, मुलाला दूध संघात वा शाळेत चिकटवता येईल की नाही, दवाखान्यासाठी कोणाचा फोन जाईल, या सर्व प्रश्नांची उत्तरे गटात मिळतात. चळवळ दर मिळवून देते, तोड गट देतो. वारणा खोऱ्यात तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेला साखर कारखाना, दूध संघ, बँक, शिक्षणसंस्था आणि वारणा बझार हे असे एक संपूर्ण जग आहे. पश्चिम भागात कुंभी-कासारी कारखाना आहे. आसुर्ले-पोर्ले येथील दत्त कारखाना सहकारातून गेला आणि २०१२ मध्ये दालमिया समूहाकडे आला. तेथे सभासदाचा पुरवठादार झाला, पण तोडीसाठी फिरणे चुकले नाही. बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगावच्या साखर कारखान्याच्या अभ्यासातून आणि अँथनी कार्टर यांनी फलटण परिसरातील नेत्यांच्या युतींच्या अभ्यासातून सत्तरच्या दशकाच्या आसपास जे दाखवले ते पन्हाळ्याला आजही लागू पडते : पश्चिम महाराष्ट्रात मत हे गावातून तालुक्याकडे जाणाऱ्या नात्यांच्या उतरंडीतून वाहते. या व्यवहाराला लाचारी म्हणण्यापूर्वी, ऐन हंगामात तोडीच्या प्रतीक्षेत असलेल्या एकरभर उसाचा हिशेब मांडून पाहणे बरे.

शाहूवाडी मतदारसंघात ही उतरंड दोन गटांत विभागलेली आहे. २००९ मध्ये जनसुराज्य शक्ती पक्षाचे विनय कोरे आमदार झाले, २०१४ मध्ये शिवसेनेचे सत्यजित पाटील सरूडकर, २०१९ आणि २०२४ मध्ये पुन्हा कोरे. गावागावांत कोरे गट आणि सरूडकर गट अशी विभागणी ग्रामपंचायत, सोसायटी, दूध डेअरीपर्यंत उतरलेली आहे. २०२४ च्या लोकसभेत सरूडकर स्वतःच उमेदवार होते आणि कोरे महायुतीबरोबर, म्हणजे माने यांच्या बाजूला. दोन्ही गटांची मते आपापल्या जागी बांधली गेली. तिसऱ्या उमेदवाराला मिळू शकणारे मोकळे मत शिल्लक राहिले कोठे? २००९ मध्ये लोकसभेची लढत या गटांच्या प्रतिष्ठेशी इतकी थेट जोडलेली नव्हती आणि गटातला माणूस लोकसभेला स्वतःच्या मनाने मत देऊ शकत होता. शेट्टी यांना मिळालेली मते ही गटांच्या फटीतून आलेली मते होती, आणि २०२४ मध्ये ती फटच बुजली, असा निष्कर्ष या मांडणीतून निघतो.

दुसरे पथ्य, इतरांच्या मतांचा अंदाज घेण्याचे, फ्रेंच अभ्यासक मोरिस दुव्हर्जे यांनी १९५१ मध्येच मांडले होते. एका जागेसाठी सर्वाधिक मते मिळवणारा विजयी, अशी पद्धत असेल तर मतदार तिसऱ्याला सोडून पहिल्या दोघांपैकी एकाकडे वळतो. मत वाया जाऊ नये, ही मराठीत घराघरात बोलली जाणारी काळजी हाच त्या सिद्धान्ताचा गाभा. २०२४ ची लोकसभा नरेंद्र मोदी यांच्या बाजूची की विरोधातील, अशा एकाच प्रश्नावर उभी राहिली होती. त्या प्रश्नाला शेट्टी यांचे उत्तर स्पष्ट नव्हते. ते दोघांपासूनही समान अंतरावर उभे होते. नैतिकदृष्ट्या ती भूमिका समर्थनीय असेल, पण मतदाराला हवे असलेले उत्तर त्यात नव्हते.

अमेरिकेतील आणि आपल्याकडील पक्षांतर्गत निवड

हा दुसरा मुद्दा सर्वांत शुद्ध स्वरूपात पाहायचा असेल तर अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी होणाऱ्या पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकांकडे वळावे लागते. तेथे एकाच पक्षाचे समविचारी मतदार आपल्याच माणसांमधून एकाची निवड करतात. विचारसरणीचा भेद कमी असल्याने आवड आणि मत यांतील अंतर उघडे पडते. २०२० मधील एलिझाबेथ वॉरन यांचे उदाहरण बोलके आहे. २०१९ च्या शरद ऋतूत त्या काही मतचाचण्यांत डेमोक्रॅटिक इच्छुकांच्या आघाडीवर होत्या. प्रत्येक प्रश्नावर त्यांच्याकडे तयार योजना होती, सभा भरत होत्या, सुशिक्षित मतदार भारावले होते. आयोवात त्या तिसऱ्या आल्या, न्यू हॅम्पशायरमध्ये चौथ्या, आणि ३ मार्च २०२० रोजी स्वतःच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातही तिसऱ्या. दोन दिवसांनी त्यांनी माघार घेतली. त्या राज्यात जो बायडेन जिंकले, जे आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे होते. तीन दिवस आधी साउथ कॅरोलिनात बायडेन जिंकले, दोन स्पर्धकांनी त्यांना पाठिंबा दिला, आणि इतर कोठे जाणार हे मतदारांना कळले. २०१६ मध्ये एक महिला उमेदवार हरल्याचे पाहिलेल्या अनेकांना स्वतःविषयी शंका नव्हती, शेजाऱ्याविषयी होती. आपण हिला मत देऊ, पण बाकीचे देतील काय, या शंकेने आवडती उमेदवार मागे पडली. प्रत्येकाने शेजाऱ्याला आपल्यापेक्षा कमी उदार मानले, आणि सर्वांनी मिळून तो समज खरा करून दाखवला.

भारतात याच्या सर्वांत जवळ जाणारी घटना म्हणजे १७ ऑक्टोबर २०२२ ची काँग्रेस अध्यक्षपदाची निवडणूक. शशी थरूर यांनी प्रचाराच्या आरंभीच नागपूरच्या दीक्षाभूमीला भेट दिली, पक्ष कसा बदलावा याचा जाहीरनामा मांडला, वृत्तवाहिन्यांवर त्यांचीच चर्चा होती. ९,३८५ मतदारांपैकी १,०७२ मते त्यांना मिळाली, मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७. ४१६ मते बाद झाली. मत देणारे प्रतिनिधी थरूर यांची भाषणे आवडीने ऐकणारेच होते. पण प्रतिनिधीचे उद्याचे तिकीट आणि जिल्ह्यातले स्थान ज्यांच्या हातात होते त्यांचा कल कोणीकडे आहे हे न सांगताही समजत होते. याआधी २०१४ मध्ये काँग्रेसने निवडक मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदानाने लोकसभेचे उमेदवार ठरवण्याचा प्रयोग केला होता. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर हे दोन मतदारसंघ त्यात होते. निवडून आलेले सागर मेघे आणि दत्तात्रय बनसोडे हे दोघेही प्रत्यक्ष निवडणुकीत दोन लाखांहून अधिक मतांनी पराभूत झाले. कार्यकर्त्यांची पसंती आणि मतदारांचे मत या दोन वस्तू भिन्न आहेत याचा इतका रोखठोक पुरावा क्वचितच मिळतो.

मराठी मनाला अधिक बोचणारा दाखला १९५२ चा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्तर मुंबईतून नारायण काजरोळकर यांच्याकडून १४,५६१ मतांनी पराभूत झाले. योग्यतेची तुलना करणेही औचित्याला सोडून होईल. ती जागा द्विसदस्य मतदारसंघातील राखीव जागा होती, मतदाराला दोन मते होती, आणि समाजवादी पक्षाशी झालेल्या युतीतून दुसरे मत पुरेसे वळले नाही. सत्तर हजारांहून अधिक मते बाद ठरली. या निकालावरून मुंबईच्या मतदाराला कृतघ्न ठरवणारे पुष्कळ लिहिले जाते. मते एकाकडून दुसऱ्याकडे नेणारी यंत्रणा नव्हती, हे त्या मानाने कमी लिहिले जाते.

पुन्हा कोल्हापूर

या प्रकाशात छत्रपती घराण्याचे दोन निकाल पाहिले तर एक महत्त्वाची दुरुस्ती करावी लागते. यंत्रणा म्हणजे पक्षाचे तिकीट नव्हे. २००९ मध्ये तिकीट संभाजीराजे यांच्याकडे होते, परंतु कागल आणि परिसरातील जे कार्यकर्ते मते आणत ते मंडलिक यांनी तीन वेळा खासदार राहून व हमीदवाडा येथे कारखाना उभारून जोडलेले होते. तिकीट बदलले तरी ती नाती बदलली नाहीत. उलट ज्येष्ठ माणसाला डावलल्याच्या भावनेने ती अधिक घट्ट झाली. संभाजीराजे यांच्या वाट्याला आला तो आदर. आदराने माणसे सभेला येतात, मुजरा करतात, पण महाराजांकडे तोडीचे गाऱ्हाणे घेऊन जाण्याचे धाडस कोण करणार? येथे आदरच अंतर निर्माण करतो. २०२४ मध्ये हेच अंतर सतेज पाटील यांच्या गटाने भरून काढले. गोकुळ दूध संघ २०२१ मध्ये त्यांच्या आघाडीच्या ताब्यात आला होता, महाविकास आघाडीचे तिन्ही पक्ष एकत्र होते, आणि करवीरमध्ये पी. एन. पाटील यांचा जुना गट सोबत होता. महाराजांना मत दिले तरी काम सांगायला माणूस आहे, ही खात्री मतदाराला मिळाली. शिवाय लढत सरळ दुहेरी असल्याने मत वाया जाण्याची भीती नव्हती. आदर पूर्वीचाच होता. त्याला वाट मिळाली.

प्राध्यापक वर्गासाठी यातील गैरसोयीचा भाग असा की चांगल्या उमेदवाराच्या पराभवाला उमेदवार आणि त्याचे चाहतेही उत्तरदायी ठरतात. चाहते सभा भरवतात, लेख लिहितात, निकालानंतर हळहळतात. पन्हाळ्यातील एखाद्या वाडीवर पाच वर्षे जाऊन सोसायटीच्या निवडणुकीत पॅनेल उभे करणे, दूध डेअरीच्या सचिवाशी संबंध ठेवणे, ही कामे त्यांच्यापैकी फार थोडे करतात. शेट्टी यांच्या संघटनेनेही आंदोलनाची फौज उभारली, पण शिरोळ-हातकणंगल्याच्या सपाट, बागायती पट्ट्याबाहेर, विशेषतः भात आणि नाचणीच्या डोंगराळ पन्हाळा-शाहूवाडीत, रोजच्या कामांची उतरंड तिला उभारता आली नाही. जो प्रदेश एकरी टनांच्या भाषेत बोलत नाही तेथे ऊसदराचा नेता हा आदरणीय पाहुणा ठरतो.

शेट्टी यांचे काम पराभवाने थांबलेले नाही. एफआरपी हप्त्यांत देण्यास मुभा देणारा राज्य शासनाचा फेब्रुवारी २०२२ चा निर्णय त्यांच्याच याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरवला. खासदार नसताना त्यांनी मिळवलेल्या या निकालाचा लाभ ऊस वारणेला घालणाऱ्या, दालमियाला घालणाऱ्या आणि कुंभीला घालणाऱ्या अशा सर्वच शेतकऱ्यांसाठी आहे. त्यात २०२४ मध्ये त्यांना मत देणारे आहेत, आणि न देणारे त्यांहून कितीतरी अधिक आहेत.